ब्रायन बोरूच्या वरच्या पिढ्या : आयरिश राजवंशावळीतला सांधा कसा ओळखायचा

लिमेरिकला राहणाऱ्या एका मराठी ताईंनी विचारले आहे : "माझे सासर ओब्रायन. दिवाणखान्यात चौकटीत लावलेली वंशावळ आहे. तीत 1014 साली क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेलेला राजा ब्रायन बोरू आहे. त्याच्या वर एकवीस पिढ्यांवर अलिल ओलोम नावाचा राजा, त्याच्याही वर स्पेनहून आलेला मील आणि सगळ्यांत वर नोहा. मुलाला शाळेसाठी घराण्याचा इतिहास लिहायचा आहे. यातले खरे किती धरायचे?"

ताई, आधी सरळ उत्तर देतो, कारणे मागून. ब्रायनपासून खाली सोळाव्या शतकापर्यंत ओब्रायन राजांची ओळ भक्कम आहे. ब्रायनचे वडील आणि आजोबा पक्के. त्यांच्या वरची सात-आठ नावे बहुधा खरी आहेत, पण त्यांना दिलेला काळ आणि मान खरा नाही. 'कास' या नावाच्या वर मात्र गोष्टच वेगळी सुरू होते. तिथे एका घराण्याची ओळ दुसऱ्या, जास्त मानाच्या घराण्याच्या ओळीला जोडलेली आहे. तो सांधा शोधणे हे आमच्या कामातले सगळ्यांत कष्टाचे आणि सगळ्यांत आनंदाचे काम. सांधा सापडला म्हणून कुणी वंशावळ टाकून देत नाही. जोड कुणी, केव्हा आणि कशासाठी दिली हे कळले, की त्या काळाचे राजकारण हाताला लागते. (जुन्या आयरिश नावांचे उच्चार मी मराठी जिभेला जवळ पडतील तसे लिहिले आहेत, तुमच्या सासूबाई थोडे वेगळे म्हणतील.)

वंशावळी एवढ्या काळजीने लिहिल्या का जात, ते आधी पाहू. त्या काळच्या आयर्लंडमध्ये एका वेळी दीडशेच्या आसपास राजे असावेत, असा अंदाज आहे. बहुतेक एखाद्या तालुक्याएवढ्या मुलखाचे, मोठ्या राजाचे मांडलिक. खंडणी किती द्यायची, ओलीस किती ठेवायचे, कोणाला सूट, मठाचा प्रमुख कोणत्या शाखेतून यायचा, हे बऱ्याच अंशी मूळपुरुष कोण यावर ठरे. म्हणजे वंशावळ ही सनदेसारखी वस्तू होती. ती सांभाळणारी पिढीजात विद्वान घराणी होती. स्लायगोच्या लेकन गावच्या मॅक फिरविशी घराण्यातल्या दुवाल्ताख याने 1649-50 मध्ये, क्रॉमवेलच्या फौजा देशात असताना, गॉलवेत बसून वंशावळींचा प्रचंड ग्रंथ उतरवून काढला. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी अजून दारात येऊन पिढ्या म्हणून दाखवतात. ते ज्याने ऐकले आहे, त्याला या लोकांची जिद्द समजायला वेळ लागणार नाही.

सनदेत फेरफार होतात तसे इथेही होत. उत्तरेकडचे एरगियाला घ्या. या नावाचाच अर्थ 'ओलीस देणारे'. ते ई नेल या उत्तरेच्या बलाढ्य कुळातल्या राजांच्या छायेत आले तेव्हा त्यांचे मूळपुरुष म्हणून कोला नावाचे तीन भाऊ पुढे आले आणि हे भाऊ ई नेलांच्याच पूर्वजांचे भाऊबंद ठरले. मांडलिक दूरचे चुलते झाले. यात दोघांचीही सोय होती : मोठ्याला निष्ठा मिळाली, धाकट्याला पंगतीत जागा.

आता साधने. वंशावळींचा सर्वांत जुना मोठा संग्रह ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातल्या रॉलिन्सन बी 502 या हस्तलिखितात आहे, साधारण 1130 चा. त्यानंतर त्याच शतकातले लेन्स्टरचे पुस्तक, मग 1400 च्या आगेमागे बॅलीमोट आणि लेकनची पुस्तके. जुन्या संग्रहांची मुद्रित आवृत्ती 1962 साली निघाली आणि आजही आम्ही सगळे तिच्यावरच बसतो. सहाव्या शतकातला राजा आपल्याला बाराव्या शतकातल्या लेखनिकाच्या हातून भेटतो, हे एक वाक्य मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगतो. भाषेच्या जुनेपणावरून काही भाग सातव्या-आठव्या शतकातला आहे असे दाखवता येते. पण ते भाग कोणते, हे ओळी-ओळीने तपासावे लागते.

तपासायचे कशाशी? शकावलीशी. आपल्याकडे जेधे शकावली आहे तशाच धाटणीच्या, वर्षवार, कोरड्या नोंदी आयरिश मठांनी ठेवल्या. 'अमुक राजा मेला', 'तमुक लढाईत हे पडले', 'गुरांची मोठी साथ'. अल्स्टरची शकावली आणि इनिशफालनची शकावली या दोन तुमच्या कामाच्या. पहिली पंधराव्या शतकाच्या शेवटी लख अर्न सरोवरातल्या एका बेटावर उतरवली गेली, पण तिच्या पोटात फार जुने थर आहेत. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या आयोना बेटावरच्या मठात सहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नोंदी होऊ लागल्या असाव्यात आणि त्या आठव्या शतकाच्या मध्यापर्यंत या शकावलीत उतरल्या आहेत. दुसरी, इनिशफालनची, दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांताची आहे. तिचा 1092 पर्यंतचा भाग एकाच हातात आहे. ती ब्रायनच्या नातवंडा-पतवंडांच्या अमलाखाली लिहिली गेली, हे तिच्या पानापानावर जाणवते.

इथे एक खड्डा आहे. अल्स्टरच्या शकावलीत पाचव्या शतकाच्या अखेरीपासून 1013 पर्यंत समासात लिहिलेले वर्ष एकाने मागे आहे. हे आपल्याला कळते कसे? आकाशामुळे. 1 मे 664 रोजी सूर्यग्रहण झाले. त्याच वर्षी मोठी महामारी आली. शकावलीत मेच्या पहिल्या तारखेला अंधार पडल्याची नोंद आहे, पण समासात वर्ष 663. मी सुरुवातीला समासातले आकडे तसेच उतरवत गेलो आणि दुसऱ्या ग्रंथाशी जुळवायला बसलो तेव्हा एकाच राजाच्या मृत्यूच्या दोन नोंदी माझ्या वहीत झाल्या होत्या. सहा महिन्यांचे टिपण परत करावे लागले. म्हणून आता वर्ष लिहिताना कोणत्या ग्रंथातले आणि दुरुस्त केलेले की न केलेले, हे दोन्ही शेजारी लिहायची शिस्त मी सोडत नाही. आज यातली बहुतेक संहिता कॉर्क विद्यापीठाच्या 'सेल्ट' या संकेतस्थळावर फुकट वाचता येते आणि अनेक मूळ हस्तलिखितांची छायाचित्रे 'आयरिश स्क्रिप्ट ऑन स्क्रीन'वर आहेत. मुलाला ती पाने जरूर दाखवा.

नावांचे व्याकरण कळल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये. 'मॅक' म्हणजे मुलगा. 'ऊअ', ज्याचे पुढे 'ओ' झाले, म्हणजे नातू. त्याचे अनेकवचन 'ई' : नातू, म्हणजेच वंशज. 'केनेल', 'क्लान', 'शील', 'दाल' हे सगळे कूळ सांगणारे शब्द. गोंधळ 'ऊअ'पाशी होतो. दहाव्या-अकराव्या शतकात हाच शब्द नाते सोडून आडनाव होऊ लागला आणि नोंद वाचताना तो नातू आहे की आडनाव, हे आपल्यालाच ठरवावे लागते. तुमच्याच घराण्यात हे एका पिढीत घडले. टर्लो ऊअ ब्रियन, मृत्यू 1086, हा खरोखरच ब्रायनचा नातू. त्याचा मुलगा मुर्खेर्ताख, मृत्यू 1119, हा ब्रायनचा पणतू, तरी त्याच्याही नावापुढे 'ऊअ ब्रियन'च. बापाच्या नावातले नाते मुलाच्या नावात आडनाव झाले.

ओनील आडनावाची गंमत याहून मोठी आहे. पुष्कळ ओनील मंडळी स्वतःला पाचव्या शतकातल्या 'नऊ ओलिसांच्या नियाल'वरून आडनाव मिळाले असे मानतात. त्या नियालवरून पडले ते 'ई नेल' हे कुळाचे नाव. आडनाव आले ते 919 मध्ये डब्लिनजवळ व्हायकिंगांशी लढताना पडलेल्या नियाल ग्लुनडुववरून. त्याचा नातू डोनाल ऊअ नेल 980 साली वारला. दोन नियालांत साडेचारशे वर्षांचे अंतर आहे. कुळाचे नाव आणि आडनाव एकमेकांत मिसळले की अख्ख्या शाखा चुकीच्या झाडावर जाऊन बसतात.

आणखी एक सवय मोडावी लागते. गादीवर एकामागून एक आलेले दोन राजे म्हणजे बाप-लेक, असे धरू नका. ज्येष्ठ पुत्राचा हक्क तिथे नव्हता. चार पिढ्यांचा 'देरवफिने' हा भाऊबंदांचा गट, म्हणजे एका पणज्याची लेकरे, हा कायद्यातला नात्याचा मुख्य घेर. गादीसाठी भाऊ, पुतणे, चुलतभाऊ सगळे उभे राहत आणि त्यांतला जो माणसे जमवी तो राजा होई. पुढच्या लेखनिकाने राजांची यादी हाती घेऊन प्रत्येक नावामध्ये 'मॅक' घातले की भावाभावांची ओळ बापलेकांची ओळ होते आणि पिढ्या फुगतात. उलटही होते : लागोपाठ दोन सारखी नावे आली की नक्कल करणाऱ्याच्या नजरेतून एक निसटते.

म्हणून आमचे सगळ्यांत साधे हत्यार म्हणजे बेरीज-वजाबाकी. पिढीला सरासरी तीस वर्षे धरायची. राजघराण्यात उतारवयात झालेली मुलेही असतात, म्हणून पस्तीसपर्यंत ढील द्यायची. नियालचेच पाहा. सतराव्या शतकात 'चार पंडितांनी' संकलित केलेल्या शकावलीत त्याचा मृत्यू 405 साली आहे. आता कोलम किले घ्या, आयोनाचा मठ स्थापणारा संत. तो 597 मध्ये वारला, जन्म 521 च्या सुमाराचा. तो नियालचा खापरपणतू : नियाल, कोनाल गुलबान, फर्गस, फेलिमी, कोलम किले. नियाल 405 मध्ये साठीचा होऊन वारला असे धरले तर जन्म 345. तिथून 521 पर्यंत 176 वर्षे, चार पिढ्या, म्हणजे पिढीला 44 वर्षे. एका पिढीत असे घडू शकते, लागोपाठ चारांत नाही. तीसच्या हिशेबाने उलटे गेलो तर नियालचा जन्म 400 च्या सुमारास येतो आणि मृत्यू पाचव्या शतकाच्या मध्याला. शकावल्यांत त्याच्या मुलांचे मृत्यू त्याच शतकाच्या उत्तरार्धात आहेत, त्यांच्याशीही हेच जुळते. मग 405 कुठून आले? सेंट पॅट्रिक आला त्या वेळी नियालचा मुलगा गादीवर होता अशी कथा आहे आणि पॅट्रिकचे येणे 432 ला ठरलेले. त्याला जागा करून द्यायची तर नियालला मागे ढकलणे भाग होते.

560 च्या मागे शकावल्यांच्या नोंदी नंतर भरलेल्या आहेत, म्हणून तिथे मी दगडांकडे वळतो. ओगम ही कोपऱ्याच्या रेषेवर खाचा पाडून लिहायची लिपी. तिचे सुमारे चारशे शिलालेख आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये आहेत. त्यांत नाव, 'माकी' म्हणजे मुलगा, आणि पुष्कळदा 'मुकोई' म्हणजे अमुक कुळाचा, एवढेच असते. केरी परगण्यातल्या डिंगल द्वीपकल्पात 'मुकोई दोविनियास' असे कोरलेले दगड उभे आहेत. त्याच भागात पुढे कोर्कू दुव्ने हे कूळ राज्य करताना दिसते. नाव तेच, दोविनिया, आणि ते स्त्रीचे आहे, बहुधा देवीचे. पुढच्या पोथ्यांतली वंशावळ या कुळाला एक पुरुष पूर्वज देते. दगडावर मात्र मूळ आईच आहे. पहिल्यांदा त्या दगडाच्या कडेवरून बोट फिरवले होते तेव्हा पोथ्यांत घातलेली वर्षे त्या एका शब्दापुढे थोडी वाटली.

आता तुमच्या चौकटीतली ओळ. ब्रायनच्या वर नावे अशी : केनेदिग, लोर्कान, लाख्तना, कोर्क, आनलुअन, माहोन, टर्लो, काहल, आइद काइव, आणि आणखी पाच पायऱ्यांवर कास. कासच्या वर पाच नावे ओलांडली की कॉर्मक कास आणि त्याचा बाप अलिल ओलोम. या कॉर्मक कासला ओळीत ठेवण्याचा अर्थ मोठा आहे, कारण अलिलचा दुसरा मुलगा ओगन मोर, आणि त्याचे वंशज म्हणवणारे ओगनाख्त राजे कॅशेलच्या खडकावरून शतकानुशतके मन्स्टरवर राज्य करत होते. म्हणजे चौकट म्हणते : आम्ही कॅशेलच्या राजांचे सख्खे भाऊबंद, गादीवर आमचाही हक्क.

तपासू या. केनेदिग 951 मध्ये वारला, तो शकावलीत आहे. तेव्हा त्याला कॅशेलच्या गादीला योग्य राजपुत्र म्हटले आहे. 'दाल गॅश', म्हणजे कासचे कूळ, हे नाव शकावलीत पहिल्यांदा येते 934 साली आणि तेही टूमग्रेनीच्या मठाधिपतीबरोबर, जो या कुळाचा राजाही होता. तो तुमच्या शाखेतला नव्हता, दुसऱ्या शाखेतला. त्याआधी या लोकांना काय म्हणत? 'उत्तरेकडचे देशी'. आपल्या 'देशी'शी याचा संबंध नाही. जुन्या आयरिशमध्ये 'देश्' म्हणजे मांडलिक, आश्रित लोक. त्याच नावाचे दुसरे लोक दक्षिणेला वॉटरफर्डकडे होते आणि त्यांची वंशावळ अलिलकडे जात नाही, ती तारा इथल्या, आयर्लंडातल्या सर्वांत मानाच्या गादीवरच्या राजांच्या घराण्यातल्या फियाखा सुगदेकडे जाते. एकाच नावाच्या लोकांचे दोन वेगवेगळे मूळपुरुष आणि त्यांतला एक नेमका राजसत्ता हवी असलेल्या शाखेला मिळालेला. सांध्याची यापेक्षा स्पष्ट खूण क्वचित मिळते. त्यातून 'कास' आणि 'कॉर्मक कास' ही जुळी नावे पाहा. कुळाचा खरा मूळपुरुष कास. त्याचेच नाव वर नेऊन अलिलच्या मुलाला चिकटवलेले दिसते.

मधल्या भागाला बेरीज-वजाबाकी लावा. आइद काइव हा ब्रायनच्या वर नऊ पिढ्या. एका संतकथेत तो कॅशेलचा राजा होतो आणि त्या प्रसंगी क्लॉनफर्टचा संत ब्रेंडन हजर असतो. ब्रेंडन 577 च्या सुमारास वारला. म्हणजे आइदचा जन्म फार तर 550. ब्रायनचा जन्म अल्स्टरच्या शकावलीत 941. (चार पंडित त्याला मृत्यूसमयी अठ्ठ्याऐंशीचा म्हणतात, तेव्हा आणखी पंधरा वर्षे मागे. हिशेबाला फारसा फरक पडत नाही.) 391 वर्षांत नऊ पिढ्या, पिढीला 43 वर्षे. तीसच्या हिशेबाने आइद सातव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मायला हवा. माझे मत असे की आइद नावाचा पूर्वज असेलही, पण तो शॅननकाठच्या आपल्या मुलखाचा छोटा राजा असावा. कॅशेलची गादी आणि ब्रेंडनची साक्ष त्याला नंतर मिळाली.

केव्हा? बहुतेक अभ्यासक दहाव्या शतकाकडे बोट दाखवतात आणि मलाही तेच पटते. 908 मध्ये कॅशेलचा विद्वान राजा-बिशप कॉर्मक मॅक क्विलेनान बेलाख मुगना इथे लढाईत पडला आणि ओगनाख्तांची पकड सैल झाली. लिमेरिकला व्हायकिंगांनी ठाणे दिले. शॅननच्या दोन्ही काठांवर, किलालूच्या आसपास, दाल गॅश वाढत होते. केनेदिगचा मुलगा माहोन याने 960 नंतर कॅशेल घेतले, 976 मध्ये त्याला मारले गेले. दोन वर्षांनी ब्रायनने बेलाख लेख्ता इथे शत्रूचा पाडाव करून मन्स्टर हातात आणले आणि 1002 मध्ये ताराच्या राजाने त्याच्यापुढे माघार घेतली. 1005 मध्ये त्याने आर्माच्या वेदीवर वीस औंस सोने ठेवले आणि तिथल्या पवित्र ग्रंथात त्याच्या लेखनिकाने त्याला 'स्कॉटांचा सम्राट' असे लॅटिनमध्ये लिहिले. स्कॉट म्हणजे तेव्हा आयरिश. ते पान आजही डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. इतकी झेप घेणाऱ्याला मांडलिकाचा पूर्वज कसा चालेल? पुढे बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, पणतू मुर्खेर्ताखच्या काळात, ब्रायनच्या लढायांचा जो गौरवग्रंथ रचला गेला, त्यात कॅशेलची गादी पहिल्यापासून ओगन मोर आणि कॉर्मक कास या दोन्ही भावांच्या वंशांत आळीपाळीने चालत आली, असेच सांगितले आहे. शकावल्यांतल्या कॅशेलच्या राजांची यादी समोर ठेवली की 960 च्या मागे ही आळीपाळी टिकत नाही.

चौकटीत आया नाहीत, हे तुम्ही पाहिलेच असेल. मला याचे नेहमी वाईट वाटते, कारण अर्धा इतिहास तिथे आहे. राजांना एकाहून अधिक बायका असत. 'ब्रेहा क्रोलिगे' हा कायद्याचा ग्रंथ जुन्या करारातल्या देवाच्या निवडलेल्या लोकांचा दाखला देऊन त्याचे समर्थनही करतो. राजस्त्रियांची परंपरा सांगणारा 'बानशेनखस' हा स्वतंत्र ग्रंथ आहे. त्याचे पद्यरूप 1147 चे. त्यातून ब्रायनचे घर उलगडते. थोरला मुलगा मुरखा, त्याची आई मोर. तो क्लॉन्टार्फला बापाबरोबरच पडला. टाइगची आई एख्राद. डोनखाची आई गोर्मला, लेन्स्टरच्या राजाची मुलगी, आधी डब्लिनच्या व्हायकिंग राजाची बायको आणि क्लॉन्टार्फला ब्रायनच्या विरुद्ध बाजूला असलेल्या सिट्रिकची आई. सावत्र भावांचा हा पट हातात असला की पुढचे सगळे समजते : 1023 मध्ये डोनखाने टाइगला मारवले, टाइगचा मुलगा टर्लो मामांकडच्या नव्हे, कॉनॉट आणि लेन्स्टरच्या राजांच्या बळावर उभा राहिला, 1063 मध्ये त्याने काकाला गादीवरून खाली खेचले आणि म्हातारा डोनखा रोमच्या यात्रेला गेला तो तिथेच वारला. पुढचे सगळे ओब्रायन राजे टाइगच्या, म्हणजे एख्रादच्या पोटचे. मुलाच्या वहीत तिचे नाव यायला हवे.

गुणसूत्रांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण कुणीतरी घरात विचारेलच. 2006 मध्ये ट्रिनिटीच्या संशोधकांना वायव्य आयर्लंडमध्ये सुमारे पाचांतल्या एका पुरुषात वाय गुणसूत्राची एकच खूण मिळाली आणि 'नियालची खूण' म्हणून ती जगभर गाजली. नंतरच्या मोजणीत ती खूण नियालच्याही आधीची निघाली आणि स्कॉटलंडमध्येही पसरलेली दिसली. क्लेअर-लिमेरिककडच्या ओब्रायन, केनेडी, मॅकनमारा अशा आडनावांत एल 226 ही दुसरी खूण वारंवार सापडते. दाल गॅश शाखांचा एक समान पुरुष पूर्वज होता, या म्हणण्याला तिच्यामुळे बळ मिळते आणि म्हणूनच मधली सात-आठ नावे मी झटकून टाकत नाही. गुणसूत्र नाते सांगते, नाव सांगत नाही. चाचणीचा कागद आला की त्यावर ब्रायनचे नाव छापलेले असेल, या आशेने पैसे घालू नका.

राहिला खालचा तुकडा. 1543 मध्ये मुरो ओब्रायनने आठव्या हेन्रीकडून थोमंडचा अर्ल हा किताब घेतला. तिथून वर ब्रायनपर्यंत ओळ नीट लागते. पण ओब्रायन आडनावाचे प्रत्येक घर त्या किताबदार शाखेतले नसते. घरून सुरुवात करा : 1911 आणि 1901 ची जनगणना, 1864 पासूनची जन्म-मृत्यू-विवाह नोंद, ग्रिफिथची जमीन आकारणी, मग कॅथलिक चर्चच्या वह्या. क्लेअरकडे त्या बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपलीकडे नेत नाहीत. 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये सरकारी दप्तरखाना जळाला, त्यात मधले पुष्कळ कागद गेले. बहुतेक घरांची ओळ 1800 च्या आसपास थांबते आणि तिथून 1543 पर्यंत अडीचशे वर्षांची दरी उरते. चौकटीतल्या वंशावळीत त्या दरीत नावे लिहिलेली असतील, तर ती कोणत्या कागदावरून आली एवढेच सासऱ्यांना प्रेमाने विचारा. एखादा इच्छापत्राचा तुकडा किंवा जमिनीचा जुना करार घरात निघाला तर मला जरूर दाखवा.

मुलाने ओळ लिहायला घेतली की तीन पेन द्या. सासऱ्यांपासून कागद मिळतो तिथपर्यंत निळी शाई, मग मोकळी जागा, पुन्हा 1543 पासून लोर्कानपर्यंत निळी. लाख्तनापासून कासपर्यंत पेन्सिल. कासच्या वर लाल, आणि समासात एवढेच : 'ही नावे बहुधा दहाव्या शतकात, कॅशेलची गादी मिळवताना जोडली.' आणि टाइगच्या शेजारी, निळ्या शाईत, एख्राद.